खोलीचं तापमान

वरुणरावांच्या खिशात दोन वस्तू कायम असत: एक सोनेरी टोपणाचं पेन आणि एक ए.सी.चा रिमोट. पेनातली शाई केव्हाच वाळली होती. रिमोट मात्र चालू होता, आणि तो कुणाच्या हाती द्यायचा नाही असा त्यांचा दंडक होता. नवा ए.सी. कॉलेजनं बसवला तो विनुताच्या पीएच.डी.च्या व्हायव्हासाठी. नेमकं सांगायचं तर तिची परीक्षा घ्यायला पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी. त्याच खोलीत विनुता सहा वर्षं ओढणीनं मान पुसत बसली होती, पण संशोधक विद्यार्थिनीला घाम येतो ही गोष्ट कॉलेजच्या नजरेला कधी पडली नव्हती.

वरुणराव तिचे मार्गदर्शक, आणि लांबच्या नात्यानं मामाही. तंजावूरच्या मराठी घरांत दोन माणसं एकमेकांची कुणीच लागत नाहीत असं फारसं घडत नाही; पिढ्यानपिढ्या त्याच दहा-वीस घरांतून मुली द्यायच्या आणि घ्यायच्या म्हटल्यावर दुसरं काय होणार? लग्नाकार्यात विनुता त्यांना मामा म्हणे, प्रयोगशाळेत सर म्हणे, आणि मनात जे म्हणे ते दोन्हीकडे चाललं नसतं.

तिचं काम सांगायला सोपं होतं. म्हणूनच कुणी विचारलं की ती ते जरा अवघड करून सांगे, कारण सोपं सांगितलं की लोक "एवढंच?" म्हणतात. आपल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध रेणूंचा दुपदरी पडदा असतो. तसलाच पडदा ती काचेवर बनवी. विकत आणलेले रेणू, पाणी, आणि शंभरात एखाद्या रेणूला चिकटवलेला चमकणारा रंग. सूक्ष्मदर्शकाखाली सगळी काच हिरवीगार दिसे. मग लेझरचा झोत एका ठिकाणी मारायचा. तेवढ्या जागेतला रंग मरतो आणि हिरव्या मैदानात एक काळं वर्तुळ पडतं. त्यानंतर नुसतं बघत बसायचं. पडद्यातले रेणू जागेवर ठरत नाहीत. आजूबाजूचे उजळ रेणू भटकत भटकत वर्तुळात शिरतात, आतले विझलेले बाहेर पडतात, आणि काळा डाग हळूहळू पुसला जातो. किती वेळात पुसला त्यावरून रेणूंचा वेग काढायचा. प्रबंधाची पहिली तीन प्रकरणं अशा डागांची होती. ती तिची होती आणि ती बरोबर होती.

चौथं प्रकरण वरुणरावांचं होतं.

वरुणरावांचे पूर्वज म्हणे भोसले राजांचे राजवैद्य. (विनुताच्या आईकडची माहिती वेगळी होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे ते हत्तीखान्यात होते आणि त्यांच्या हातचं औषध माणसानं घेतल्याची नोंद नाही.) त्या घराण्यात सुंठ, मिरी आणि कसल्याशा मुळीचा एक अर्क चालत आला होता. वरुणरावांनी तो पडद्यात मिसळायला लावला, आणि काय आश्चर्य! साध्या पडद्यातले रेणू गोगलगाईसारखे सरकत होते, ते अर्काचा पडदा होताच शेकडो पटींनी पळू लागले. विनुता मावसबहिणीच्या लग्नाला कुंभकोणमला गेली होती तेवढ्यात सरांनी तिचे आकडे उचलून निबंध पाठवला आणि काही महिन्यांनी तो छापूनही आला. मोठ्या मनानं तिचं नाव पहिलं घातलं होतं. तमिळ वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला, हातात खलबत्ता. तो खलबत्ता विनुताच्या आईचा होता आणि अजून परत आलेला नाही.

आता या चमत्कारामागची गोष्ट. साधा पडदा मोजला होता गेल्या वर्षीच्या जानेवारीत, जुना ए.सी. अधूनमधून तरी चालत असताना, खोली वीस अंशांवर. अर्काचा पडदा मोजला त्याच वर्षीच्या मे महिन्यात. तोवर जुना ए.सी. मेला होता आणि खोली चौतीसवर होती. या जातीचा पडदा चोवीस अंशांच्या खाली थिजतो आणि पारा वर गेला की पातळ होतो. त्यात अर्क घाला, नाहीतर घालू नका. विनुतानं आकड्यांपुढं दोन्ही तापमानं लिहिली होती. सरांनी ती खोडून दोन्हीकडे एकच लिहिलं: खोलीचं तापमान, पंचवीस अंश.

लग्नाहून परतल्यावर तिनं साधा पडदा मेच्या उकाड्यात मोजून पाहिला. तोही तसाच पळत होता. ती सरांकडे गेली.

"सर, हा पडदा तुपासारखा आहे. गार जाहला की थिजतो."

"तूप थिजतं?" वरुणरावांनी चष्मा काढला. "कुठं गे?"

प्रश्न अगदीच खोटा नव्हता. तंजावुरात तूप बाराही महिने वाटीत पाण्यासारखं हलत असतं. मार्गळीतली, म्हणजे ऐन डिसेंबरातली, एखादी पहाट सोडली तर थिजलेलं तूप या गावानं पाहिलेलं नाही.

"पण तुम्ही पंचवीस कां लिहिलंत?"

"खोलीचं तापमान पंचवीसच असतं. कुठलंही पुस्तक काढून पाहा."

"कुठल्या खोलीचं, सर? मे महिन्यात तंजावुरातली पंचवीस अंशांची खोली दाखवा. मी उद्या सामान घेऊन तिथं राहायला जातें."

"खोलीचं म्हणजे खोलीचं!" सर म्हणाले. "लंडनला जी खोली तीच इथं. शास्त्राला गांव नसतं, विनू." आणि मग आवाज खाली आणून, मामाच्या मायेनं: "चौथं प्रकरण काढलंस तर मी प्रबंधावर सही करणार नाहीं. अगदी प्रेमानं सांगतों."

सहा वर्षं आणि एक सही. तिनं प्रकरण ठेवलं. पण प्रबंध सादर झाला त्याच आठवड्यात बेंगळूरहून पत्र आलं. तिथल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत तिला जुलैपासून जागा मिळाली होती, पदवी हाती असेल तर. शेवटच्या ओळीत तिथल्या प्रमुखांनी लिहिलं होतं की चौथं प्रकरण फारच आवडलं, आल्या आल्या आधी तेच पुन्हा करून पाहू. म्हणजे पदवी मिळवायला ते प्रकरण हवं, आणि पदवी घेऊन जिथं जायचं तिथं ते पहिल्याच दिवशी उघडं पडणार. तेही तिच्याच हातानं, तिच्याच नावावर. विनुतानं ठरवलं की व्हायव्हात पाहुण्यांना खरं काय ते सांगून टाकायचं. माणूस पुण्याचा आहे, शिकलेला आहे, थिजलेलं तूप रोज बघत असेल.

पाहुणे आले ते लिननचं जाकीट घालून. दारातच त्यांच्या खांद्यावर पोन्नाडै पडली, म्हणजे सत्काराची जरीची शाल. मे महिन्यात तंजावुरात जाकिटावर शाल पांघरून माणसानं हसत उभं राहायचं ही सत्काराची रीत आहे. त्यातून वाचला तो खरा पाहुणा.

"प्रवास सुखाचा जाहला ना?" वरुणरावांनी विचारलं.

पाहुणे जागच्या जागी थांबले. "जाहला! काय म्हणालात? जाहला! अहो, हे आमच्याकडे फक्त बखरीत उरलंय!"

"आमच्या घरीं सगळे असेंच बोलतात."

"'घरीं'! अनुस्वार ऐकू येतोय मला. जपा हो हे, जपा." आणि ते विनुताकडे वळले. "तूसुद्धा बोल ना काहीतरी."

राजवाड्यातल्या भिंतीवरच्या चित्राला बोलतं करावं तशा आवाजात ते म्हणाले. विनुता म्हणाली, "प्रबंध वाचलात?"

"चाळला," पाहुणे म्हणाले. "चौथं प्रकरण अप्रतिम! मराठी राजसत्ता आणि विज्ञान, असं एक संमेलन आम्ही डिसेंबरात घेतोय. वरुणरावांनी अध्यक्ष व्हायचं. नाही म्हणायचं नाही."

वरुणराव नाही म्हणाले नाहीत. आदल्याच दिवशी हेच वरुणराव तिला सांगत होते की पुण्याची माणसं जी बोलतात ती मराठी नव्हे, हिंदीच आहे, फक्त नाकातून. विनुताला त्या क्षणी दोघांबद्दल एकदम सारखंच वाटलं. समान न्याय म्हणतात तो बहुधा हाच असावा.

व्हायव्हा सूक्ष्मदर्शकाच्या खोलीतच ठेवली होती, कारण कॉलेजात थंड अशी तेवढीच जागा होती. नियमाप्रमाणे परीक्षा सर्वांना खुली. म्हणून वीस-पंचवीस माणसं कोंबलेली, सगळी तमिळ. अपवाद शेवटच्या रांगेतली विनुताची आई विजयलक्ष्मी, रेशमी पट्टुपुडवं नेसून, निकाल लागलाच आहे अशा चेहऱ्यानं. पाहुण्यांना उकडू नये म्हणून वरुणरावांनी रिमोट काढला आणि ए.सी. अठरावर नेला. मग तो परत खिशात ठेवून वर थापटला.

विनुतानं तीन प्रकरणं सांगितली. पाहुणे समाधानानं मान हलवत होते. थंडाव्यानं त्यांची शालसुद्धा कामी आली होती. ती चौथ्याकडे वळून बोलणार, एवढ्यात वरुणराव उठले.

"आतां बोलणं पुरे. प्रत्यक्षच दाखवूं. विनू, अर्काचा पडदा लाव."

हे ठरलेलं नव्हतं. पण काच तयार होती, ती तिनं लावली. भिंतीवरच्या पडद्यावर हिरवं मैदान उजळलं. लेझर मारला. काळं वर्तुळ पडलं. टाळ्या वाजल्या. का वाजल्या ते कुणालाच माहीत नव्हतं.

"आता बघा," वरुणराव इंग्रजीत म्हणाले. "क्षणात भरेल."

सगळे बघत राहिले. वर्तुळ भरलं नाही. ते काळं होतं, गोल होतं आणि आपल्या जागी खूश होतं. कुणीतरी खोकलं. मागं कुणीतरी तमिळमध्ये म्हणालं की सिनेमा अडकला. वरुणराव म्हणाले की लेझर जरा जास्त झाला. मग म्हणाले की रेणू पाहुण्यांना बुजले असतील, आणि स्वतःच हसले. वर्तुळ हललं नाही.

तंजावूरच्या मराठी माणसाची एक जन्माची सवय असते. चार लोकांत काही झाकायचं झालं की तो मराठीत बोलतो. भाजीवालीसमोर भाव ठरवताना, मुलगी बघायला आलेल्यांसमोर, डॉक्टरपुढं, बसमध्ये, बँकेत. भोवती सगळे तमिळ. मराठी म्हणजे घराचं दार लावून घेतल्यासारखं. ही सवय विचार करून होत नाही. ती जिभेलाच असते.

वरुणराव घाबरे झाले, तिच्या कानाशी वाकले आणि सबंध खोलीला ऐकू जाईल अशा कुजबुजत्या आवाजात म्हणाले, "तूप थिजलंय गे! ए.सी. फार जाहला. मी हळूच बंद करतों, तू दहा मिनिटं कांहींतरी बोलत राहा. अर्काचं कांहीं नाहीं, ऊब लागली कीं रेणू पळतील. ह्या मनुष्याला कळूं नये एवढं पाहा."

ह्या मनुष्याचं घर सदाशिव पेठेत होतं. आणि तो दोन हातांच्या अंतरावर बसला होता.

खोलीतल्या तमिळ मंडळींना काहीच समजलं नाही. मामा-भाचीचं काहीतरी खाजगी चाललंय म्हणून ती सौजन्यानं दुसरीकडे बघत होती. विजयलक्ष्मींनी डोळे मिटून घेतले. विनुताला एकदम दोन गोष्टी कळल्या. एक, सरांना सगळं आधीपासून माहीत होतं, "कुठं गे?" विचारणाऱ्या त्या भोळ्या माणसावर तिनं उगाच दया खर्च केली होती. दुसरी, पाहुण्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. आता हा माणूस उठेल. विचारेल.

पाहुण्यांनी शाल सारखी केली. "'कळूं नये एवढं पाहा'," ते हळूच स्वतःशी म्हणाले. "किती गोड आहे हो!" मग सर्वांना ऐकू जाईल असं, इंग्रजीत: "प्रात्यक्षिकं अशीच असतात, ऐन वेळी रुसतात. आकडे छापून आलेले आहेत, तेवढं मला पुरेसं आहे. पदवीची शिफारस करायला माझी काही हरकत नाही."

टाळ्या वाजू लागल्या. या खेपेला कारण होतं. वरुणरावांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. विनुताला वाटलं, आपण नुसतं गप्प उभं राहिलं की पुरे. बाकीचं ही दोन माणसं करून टाकतील. सहा वर्षांत एवढं सोपं काही तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

ती पुढं झाली आणि तिनं वरुणरावांच्या शर्टाच्या खिशात हात घातला.

"विनू!" मागून आई ओरडली. मामाच्या खिशात हात घालायचा तो पाचव्या वर्षापर्यंत, मिठाईसाठी. त्यानंतर नाही.

तिनं ए.सी. बंद केला. दार सताड उघडलं. दोन्ही खिडक्या उघडल्या, सूक्ष्मदर्शकावर काळं कापड टाकलं, आणि शिपायाला, सेतुरामला, सगळ्यांसाठी कॉफी आणायला सांगितलं. मग ती तमिळमध्ये बोलू लागली, आई नव्या स्वयंपाकिणीला समजावते तसं सावकाश, एकेक गोष्ट.

"आत्ता खोली एकोणीस अंशांवर आहे. या पडद्यात सरांचा अर्क आहे आणि तो हलत नाहीये. थोडं थांबा."

दारातून मे महिना आत आला. कॉफीचे टंबलर फिरले. पाहुण्यांनी आधी शाल काढली, मग जाकीट. त्यांना तमिळ येत नव्हतं, ते शेजारच्या प्राध्यापकाला सारखे "काय म्हणतेय ती?" विचारत होते, आणि तो प्राध्यापक ऐकण्यात गुंतला होता. खोली एकतीसवर गेल्यावर तिनं नवं वर्तुळ मारलं. कडा धूसर झाल्या, हिरवा रंग आत सांडत गेला, आणि बघता बघता डाग पुसला गेला.

"पाहिलंत?" वरुणराव उडालेच. "अर्क!"

"आता दुसरी काच," विनुता म्हणाली. "यात अर्क नाही. काहीच नाही."

तीही भरली. तेवढ्याच वेळात. मागच्या रांगेतला एक पोरगा "अय्यो" म्हणाला, आणि मग अख्ख्या खोलीत तो उसासा फिरला.

"चौथं प्रकरण चूक आहे," ती तमिळमध्ये म्हणाली, आणि तेच इंग्रजीत पुन्हा म्हणाली. "एक पडदा गारठ्यात मोजला, दुसरा उकाड्यात, आणि दोन्हीकडे पंचवीस लिहिलं. अर्कानं काही होत नाही. मला ते प्रकरण नको."

पाहुण्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी तिला टेबलापाशी बोलावलं आणि समजुतीच्या सुरात मराठीत सांगितलं, "हे बघ, प्रकरण आहे तसं राहू दे, तू आजच डॉक्टर होतेस. काढायचं म्हणालीस तर प्रबंध परत जाणार, पुन्हा सादर करावा लागणार, नवा परीक्षक, आणि मार्गदर्शकांची पुन्हा सही. आणि मार्गदर्शक तर हे असे बसलेत."

मार्गदर्शक खरोखरच तसे बसले होते. आपल्या मोकळ्या झालेल्या खिशाकडे बघत.

"परत पाठवा," विनुता म्हणाली.

"विचार कर."

"केला. परत पाठवा."

त्यांनी तसं लिहिलं. खाली वरुणरावांनाही सही करावी लागली, आणि शाई नसलेल्या पेनानं दोनदा प्रयत्न करून झाल्यावर त्यांनी पाहुण्यांचं पेन मागून घेतलं. भाचीकडे न बघता म्हणाले, "तुझ्या पुढच्या प्रबंधावर सही करायला मी जिवंत असलों तर पाहूं."

"दुसरा मार्गदर्शक मागेन, सर."

"ह्या गांवांत?"

"ह्या गांवांत मामा पुष्कळ आहेत," ती म्हणाली.

मग प्रश्न उरला जेवणाचा. विजयलक्ष्मींनी लेक डॉक्टर झाली म्हणून राजवाड्याजवळच्या गल्लीतल्या सगळ्या घरांना बोलावलं होतं. पदवी मिळाली नाही हे लक्षात आल्यावर त्या म्हणाल्या, "पण स्वैंपाक तर जाहलाय." यावर कुणाचंच दुमत झालं नाही. केळीच्या पानांवर पंगत बसली. पदवी न मिळाल्याच्या जेवणाला मंडळी पदवी मिळाल्याच्या भुकेनं जेवली. वरुणरावांनी तीनदा पायसम घेतलं. दुःखात त्यांना गोड लागतं. पाहुण्यांना कुणीतरी सांबाराचा शोध आमच्याच राजवाड्यात कसा लागला ते सांगत होतं, आणि तिथं मात्र ते पुरावा मागत होते.

पंगत उठायच्या आत विनुतानं बेंगळूरला कळवून टाकलं होतं. उत्तर हात धुताना आलं. प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं, असं प्रमुखांनी लिहिलं होतं. मात्र चौथं प्रकरणच राहिलं नसल्यानं जागेचा नव्यानं विचार करावा लागेल. तिनं ते दोनदा वाचलं आणि फोन कमरेला खोचला. म्हणजे तिथंही अर्कच हवा होता.

पाहुणे शेजारच्या नळाशी उभे होते. त्यांचं विमान त्रिचीहून संध्याकाळी होतं आणि त्यांना मन मोकळं करायचं होतं.

"एक विचारू? रागावू नकोस," ते म्हणाले. "माझ्या कानावर जे आलं ते आलं. मी काही बहिरा नाही. पण तू ते तिथं सगळ्यांपुढं तमिळमध्ये का सांगितलंस? मराठीत सांगितलं असतंस, तर आपल्यातल्या आपल्यात राहिलं असतं."

"म्हणोनच," विनुता म्हणाली, आणि नळ त्यांच्यासाठी चालू ठेवून आत गेली.